निवेदन, प्रतिमा आणि ध्वनी : महाराष्ट्रातील चित्रनिबंधाची विचारपद्धती

प्रास्ताविक

निबंध म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर छापील पान येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. तेथपासून वैचारिक निबंध, पुढे लघुनिबंध आणि त्यानंतर ललित निबंध असा या प्रकाराचा प्रवास आपण वर्गात शिकवीत आलो आहोत. या सर्व रूपांत लेखकाचा आवाज वाचकाला ऐकू येतो, परंतु तो अक्षरांमधून. गेल्या काही वर्षांत पदवी वर्गातील विद्यार्थी प्रकल्प म्हणून लिखित निबंधाऐवजी आठ-दहा मिनिटांची चित्रफीत सादर करू लागले आहेत. तीत त्यांनी टिपलेली दृश्ये असतात, त्यांचे स्वतःचे निवेदन असते, काही मुलाखती, काही संगीत असते. 'व्हिडिओ एसे' या नावाने तो प्रकार ओळखला जातो.

त्याचे मूल्यमापन करताना आपली पद्धत मात्र छापील निबंधाचीच राहते. निवेदनाची संहिता तपासायची, तिच्यातील मुद्द्यांना गुण द्यायचे आणि दृश्य व ध्वनी यांना 'सादरीकरण' या सदराखाली उरलेले गुण द्यायचे, असे सर्वसाधारणपणे घडते. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. विचार शब्दांत असतो, चित्र आणि ध्वनी हे त्याचे अलंकार होत, हे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. चित्र, शब्द आणि ध्वनी यांनी मिळून विचार करता येतो काय, आणि येत असल्यास तो नेमका कोठे घडतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या तीन कलाकृतींचा आधार घेतला आहे : अंजली मोन्तेरो व के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१), आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) आणि पायल कपाडिया यांचा 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' (२०१८). या तिन्ही कृतींना रूढ अर्थाने माहितीपट म्हटले जाते. तथापि माहिती पुरविणे हे त्यांचे अंतिम प्रयोजन नाही. विषयाभोवती फिरत, थांबत, स्वतःला प्रश्न विचारत पुढे जाणे हा निबंधाचा स्वभाव त्यांत आढळतो. म्हणून अशा कृतींसाठी येथे 'चित्रनिबंध' ही संज्ञा योजली आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

चित्रपटाला निबंधाचे रूप देता येईल हा विचार नवा नाही. जर्मन कलावंत हान्स रिश्टर यांनी १९४० मध्ये 'चित्रपट-निबंध' या प्रकारावर लेख लिहून, डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पनाही पडद्यावर आणता येतील असे प्रतिपादन केले. अलेक्झांडर आस्त्रुक या फ्रेंच समीक्षकाने १९४८ मध्ये कॅमेऱ्याला लेखणीची उपमा दिली. परंतु या प्रकाराचे मर्म सांगणारे विवेचन आंद्रे बाझाँ यांच्याकडून आले. क्रिस मार्कर यांच्या 'लेटर फ्रॉम सायबेरिया' या चित्रपटाचे परीक्षण करताना १९५८ मध्ये त्यांनी एका वेगळ्या प्रकारच्या संकलनाकडे लक्ष वेधले. नेहमीच्या संकलनात एक दृश्य पुढच्या दृश्याशी जोडले जाते. मार्कर यांच्याकडे दृश्याचा संबंध बाजूने येणाऱ्या शब्दाशी लागतो. अर्थ कानाकडून डोळ्याकडे प्रवास करतो. बाझाँ यांनी याला 'आडवे संकलन' म्हटले.

या चित्रपटातील एक प्रसंग चित्रनिबंधाच्या अभ्यासकांना परिचित आहे. याकुत्स्क शहरातील एका रस्त्याचे तेच ते दृश्य मार्कर लागोपाठ दाखवितात. रस्त्यावर एक बस आहे, काही मजूर रस्त्याचे काम करीत आहेत, एक माणूस कॅमेऱ्यासमोरून जातो. पहिल्या वेळी निवेदन सोव्हिएत व्यवस्थेची स्तुती करते, दुसऱ्या वेळी निंदा करते आणि तिसऱ्या वेळी तटस्थतेचा आव आणते. दृश्य बदललेले नसते, पण प्रेक्षकाला दर वेळी निराळे दिसते. तिसरे, तथाकथित तटस्थ निवेदनही दृश्याला पुरे पडत नाही, हा या प्रसंगाचा खरा निष्कर्ष आहे.

हाच प्रयोग पनवेलच्या वाचकाला आपल्या परिसरात कल्पून पाहता येईल. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याआधी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आदी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. समजा, टेकडी कापली जात असल्याचे एकच दृश्य आपल्या हाती आहे. एका निवेदनात ती प्रगतीची पायाभरणी ठरेल, दुसऱ्यात विस्थापनाची खूण ठरेल आणि तिसऱ्यात घनमीटरमध्ये मोजलेल्या मातीचा हिशेब ठरेल. तिन्ही निवेदने आपापल्या जागी खरी असू शकतात. पण या दृश्यावर निवेदन न ठेवता सुरुंगाआधीचा भोंगा, मग स्फोट, मग शांतता आणि त्या शांततेत एका वृद्ध आवाजाने सांगितलेली शेतांची जुनी नावे एवढेच ठेवले, तर? प्रेक्षकाला कोणी काही पटवून देत नाही, तरीही तो विचार करू लागतो. हा विचार दृश्यातही नाही आणि आवाजातही नाही. दोहोंमधील अंतरात तो आकार घेतो. चित्रनिबंधाची विचारपद्धती म्हणजे हे अंतर निर्माण करण्याची आणि ते राखण्याची पद्धती, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दोन पूर्वपरंपरा

चित्र, कथन आणि वाद्यध्वनी यांचा मेळ मराठी मुलखाला चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. कागदावर रंगविलेली, एका आख्यानाची चित्रे एकत्र बांधून त्यांची 'पोथी' केलेली असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग सांगतो. या परंपरेतील ज्येष्ठ कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. येथे चित्र स्थिर असते आणि गती आवाजात असते. एका चित्रावर कथेकरी किती वेळ रेंगाळेल हे चित्र ठरवीत नाही, त्याचे गाणे ठरविते. शब्द आणि प्रतिमा यांची चाल वेगवेगळी असू शकते, ही जाणीव या परंपरेत आहे. तथापि चित्रकथीतील आख्यान श्रोत्याला आधीच ज्ञात असते. ज्याचा शेवट ज्ञात नाही अशा शोधासाठी हा मेळ वापरणे ही चित्रनिबंधाची पुढची पायरी आहे.

दुसरी परंपरा मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनची. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या शासकीय संस्थेचे वृत्तपट व माहितीपट चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटाआधी दाखविणे दीर्घकाळ बंधनकारक होते. ते अनेक भारतीय भाषांत तयार होत. या माहितीपटांची ओळख म्हणजे त्यांतील निवेदन : धीरगंभीर, आत्मविश्वासपूर्ण, बहुधा पुरुषी आणि कोणत्याही गावाचा उच्चार नसलेले. पडद्यावरील शेतकरी, कामगार किंवा आदिवासी स्त्री नांगरते, राबते, हसते, पण बोलत नाही. तिच्याविषयी दुसरेच कोणी बोलते. प्रतिमेला येथे साक्षीदाराचे स्थान होते, पण साक्ष देण्याची मुभा नव्हती.

या संस्थेचा इतिहास एकसुरी मात्र नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्याच आश्रयाने काही दिग्दर्शकांनी हा आवाज बाजूला सारला. एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांनाच बोलते केले. त्यांच्या उत्तरांत आशा, उपहास आणि वैताग एकमेकांवर आदळतात आणि राष्ट्राविषयी एकच एक निवेदन अशक्य होऊन बसते. प्रमोद पती यांनी 'एक्सप्लोरर' (१९६८) मध्ये निवेदन पूर्णतः वगळून वेगवान दृश्ये व ध्वनी यांच्यावरच भिस्त ठेवली. फिल्म्स डिव्हिजनचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. परंतु तिने रुजविलेला निवेदनाचा सूर आजही विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत ऐकू येतो. विद्यार्थ्याने ते माहितीपट पाहिलेले नसले, तरी तो सूर त्याच्या कानात असतो.

'साचा' : शब्द आणि चित्र यांची समांतर वीण

गिरणीच्या बोलीत साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. मोन्तेरो व जयशंकर या दोघांनी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांच्या या माहितीपटात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या माध्यमातून गिरणगावाचा आणि त्याबरोबर मावळत गेलेल्या एका श्रमिक संस्कृतीचा वेध घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले होते. 'साचा' तयार झाला तेव्हा त्या संपाला जवळपास दोन दशके उलटली होती आणि गिरण्यांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले होते.

या विषयावर इतिहासकथन करणारे निवेदन सहज लिहिता आले असते. दिग्दर्शकांनी दोन कलावंतांना समोरासमोर ठेवले. सुर्वे यांचे शहर शब्दांत आहे. अनाथ मूल म्हणून एका गिरणी कामगाराने वाढविलेल्या या कवीने शहर आतून भोगले. पटवर्धन यांचे शहर रंगांत आहे. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून ठाण्यात व्यवसाय करणाऱ्या या चित्रकाराने श्रमिकाचे शरीर आणि त्याच्या भोवतीची वास्तू यांचे दीर्घ निरीक्षण केले. एकाच वर्गजीवनाकडे पाहणारे हे दोन डोळे भिन्न अंतरावर उभे आहेत. माहितीपटात तिसरा घटक येतो तो प्रत्यक्ष शहराचा. कविता, रंगचित्र आणि शहर ही तिन्ही परस्परांची स्पष्टीकरणे नाहीत. कविता ऐकताना दिसणारा रस्ता त्या कवितेतला रस्ता राहिलेला नसतो. चित्रातील माणूस जेथे उभा होता ती जागा बदललेली असते. हा फरक निवेदनात सांगितला असता तर ती केवळ हळहळ झाली असती. 'साचा'मध्ये प्रेक्षकाला तो स्वतः मोजावा लागतो.

या पद्धतीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. गिरणगावाचा अनुभव येथे प्रामुख्याने दोन मान्यताप्राप्त कलावंतांच्या संवेदनेतून गाळून येतो. ज्या कामगाराने कविता लिहिली नाही आणि ज्या स्त्रीने खानावळ चालवून संसार रेटला, त्यांच्या वाट्याला या विणीत किती धागे आले, हा प्रश्न शिल्लक राहतो. पण तो प्रश्न विचारण्याची जागा कृतीने मोकळी ठेवली आहे. सर्वज्ञ निवेदन ही जागा प्रथम बुजविते.

'जय भीम कॉम्रेड' : गाणे हेच युक्तिवादाचे साधन

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. तिचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. डाव्या सांस्कृतिक चळवळीत वावरलेल्या या दलित शाहिराने शेवटच्या क्षणी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धन यांनी या घटनेपासून सुरू केलेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले. तीन तासांहून अधिक लांबीच्या या कृतीचे शीर्षकच एक प्रश्न आहे : 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' हे दोन शब्द एकत्र कसे नांदतील?

घोगरे यांना पटवर्धन यांनी पूर्वी 'हमारा शहर' (१९८५) या मुंबईतील झोपडीवासीयांवरील माहितीपटात गाताना चित्रित केले होते. ते गाणे या कृतीत पुन्हा येते. येथे मार्कर यांच्या प्रयोगाशी तुलना उद्बोधक ठरते. मार्कर यांनी दृश्य तेच ठेवून निवेदन बदलले. पटवर्धन यांच्याकडे दृश्य तेच आहे, आवाजही तोच आहे, त्यावर नवे निवेदन चढविण्याची गरज पडलेली नाही. तरीही १९८५ चे गाणे आणि २०११ मध्ये ऐकलेले तेच गाणे यांचा अर्थ एक नाही. मधल्या काळात गाणारा मनुष्य मरण पावला आहे आणि त्याच्या मरणाचे कारण प्रेक्षकाला कळले आहे. काळ हाच येथे निवेदक झाला आहे. छापील निबंधात पुनरावृत्ती हा दोष मानला जातो. चित्रनिबंधात पुनरावृत्ती हे प्रमाण होऊ शकते, याचे याहून नेमके उदाहरण मराठी प्रदेशात सापडणे कठीण.

संपूर्ण कृतीत स्पष्टीकरणापेक्षा गाण्यांवर भार अधिक आहे. भीमगीते, जलसे, वस्तीतील गायक-गायिका, कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांची गाणी यांतून आंबेडकरी चळवळीतील वैचारिक ताण उलगडत जातात. गाण्याला येथे पार्श्वसंगीताचा दर्जा नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेपासून महाराष्ट्रात गाणे हे वादविवादाचे आणि लोकशिक्षणाचे माध्यम राहिले आहे. शाहिरीत चाल, ठेका आणि कोरस यांच्या बळावर विचार समूहापर्यंत जातो. ही परंपरा ओळखून दिग्दर्शकाने गाण्याला प्रबंधातील परिच्छेदाचे काम दिले. ध्वनी हा विचाराचा वाहक कसा होतो हे शिकण्यासाठी आपल्याला परदेशी सिद्धांतांपर्यंत जाण्याची गरज नाही, हे या कृतीवरून ध्यानात येते.

या कृतीवर एक आक्षेप संभवतो. सुस्थित वर्गातील काही व्यक्तींची विधाने दलित वस्तीतील वास्तवाशेजारी ठेवली जातात, तेव्हा त्या व्यक्ती विचार करणारी माणसे न राहता दिग्दर्शकाच्या युक्तिवादातील पुरावे बनतात. त्यांच्या बाबतीत शब्द आणि प्रतिमा यांतील अंतर मिटते आणि संकलनच निर्णय देते. पटवर्धन यांची बाजू उघड आहे आणि ती त्यांनी लपविलेली नाही. तरीही ज्या क्षणी प्रेक्षकाला हसण्यासाठी जागा दिली जाते त्या क्षणी त्याची विचार करण्याची जागा कमी होते, हे समीक्षकाने नोंदविणे आवश्यक आहे.

'अँड व्हॉट इज द समर सेइंग' : कुजबुजीचे सामर्थ्य

भीमाशंकर परिसरातील कोंढवळ गावात चित्रित झालेली ही अवघ्या तेवीस मिनिटांची कृती वरील दोन्हींपेक्षा वेगळ्या प्रकृतीची आहे. नामदेव वडिलांकडून जंगलावर जगण्याची रीत शिकला आहे. मधाच्या शोधात तो झाडांच्या शेंड्यांकडे पाहतो. दुपार उतरते, वारा वाहतो आणि गावातील स्त्रिया आपल्या हरवलेल्या प्रेमाविषयी कुजबुजतात. त्या पडद्यावर बोलताना दिसत नाहीत, केवळ ऐकू येतात. ही कृती फिल्म्स डिव्हिजननेच निर्माण केली हे विशेष. ज्या संस्थेने अनेक दशके गावातील स्त्रीचा चेहरा दाखवून तिच्यावर दुसऱ्याचा आवाज चढविला, त्याच संस्थेच्या निर्मितीत आता आवाज तिचा आहे आणि चेहरा दडलेला आहे.

ही उलटापालट केवळ शैलीची नाही. लहान गावात प्रेमाविषयी बोलणाऱ्या स्त्रीचा चेहरा दाखविणे म्हणजे तिला संकटात टाकणे. कॅमेऱ्यासमोर ती जे बोलणार नाही ते केवळ ध्वनिमुद्रण यंत्राजवळ बोलू शकते. म्हणजेच आवाजाची प्रतिमेपासून फारकत करण्यामागे येथे संरक्षणाची नीती आहे. पण तिचा सौंदर्यात्मक परिणामही दूरगामी आहे. आवाज कोणाचा हे न कळल्यामुळे तो झाड, धूर, वाट, रिकामे अंगण अशा सर्व दृश्यांवर पसरतो. प्रेक्षक प्रत्येक दृश्यात बोलणारीला शोधू लागतो आणि तिच्या अदृश्यतेची जाणीव त्याला सतत होत राहते. स्त्रियांच्या इच्छेला या भूप्रदेशात उघड जागा नाही, हे विधान कोणीही केलेले नाही. ध्वनी आणि प्रतिमा यांच्या रचनेनेच ते केले आहे.

कपाडिया यांनी 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) मध्ये हीच पद्धत सार्वजनिक जीवनाकडे वळविली. पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतील २०१५ चा १३९ दिवसांचा विद्यार्थी संप हा त्यातील एक संदर्भ आहे. 'एल' या एकाच अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थिनीची प्रियकराला लिहिलेली काल्पनिक पत्रे निवेदन म्हणून येतात आणि त्यांच्याशेजारी आंदोलनांची वास्तव दृश्ये येतात. जातीमुळे तुटलेले खासगी प्रेम आणि परिसरातील राजकारण यांचा संबंध पत्रे स्वतः फारसा समजावून सांगत नाहीत. तो प्रेक्षकाने जोडावयाचा आहे. या कृतीला २०२१ च्या कान महोत्सवात उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

येथेही एक धोका आहे. चेहरा आणि नाव काढून घेतल्यावर कोंढवळच्या स्त्रिया व्यक्ती न राहता वातावरण बनण्याची शक्यता असते. शहरी प्रेक्षकाला ती कुजबुज जंगलाच्या सळसळीसारखी केवळ मधुर वाटू शकते. शब्दांतील मजकूर पुरेसा विशिष्ट असेल, बोलीचा पोत शाबूत असेल, तरच हा धोका टळतो. म्हणून अशा कृतींत भाषेचे स्थान दुय्यम होत नाही, उलट अधिक नाजूक होते.

अध्यापन आणि मूल्यमापनाच्या दृष्टीने काही विचार

वरील विवेचनाचा आपल्या वर्गाशी संबंध जोडताना एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. पनवेल-उरण पट्ट्यातील विद्यार्थी आपल्या गावाच्या भूसंपादनावर चित्रफीत तयार करतो. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, हा इतिहास तो प्रमाण मराठीतील निवेदनात सांगतो. मग त्याची आजी पडद्यावर येते आणि आगरी बोलीत बोलू लागते. दोन वाक्यांनंतर तिचा आवाज बारीक होतो आणि तिच्यावर नातवाचे निवेदन चढते. विद्यार्थ्याचा हेतू चांगला असतो. प्रेक्षकाला कळावे, मुद्दा नेटका राहावा, असे त्याला वाटते. परंतु ज्या क्षणी तो ध्वनीची पट्टी खाली ओढतो, त्या क्षणी जमिनीच्या बाबतीत जे घडले तेच तो आजीच्या वाणीच्या बाबतीत करतो. संहिता तपासणाऱ्या प्राध्यापकाला हे कधीच दिसणार नाही, कारण संहितेत ती पट्टी नसते.

यंत्राकडून तयार केलेल्या आवाजांमुळे हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. संहिता टंकलिखित केली की घटकाभरात निर्दोष उच्चारांचे मराठी निवेदन तयार मिळते. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या निवेदकाला निदान श्वास होता. या नव्या आवाजाला गाव नाही, वय नाही आणि अडखळणेही नाही. विद्यार्थ्याने तो वापरू नये असा नियम करणे सोपे आहे. त्याने काय गमावले जाते हे त्याला ऐकू येईल असे शिक्षण देणे हे कठीण आणि अधिक आवश्यक काम आहे.

यादृष्टीने मूल्यमापनासाठी तीन साध्या कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहावी आणि एकदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकावी. दोन्ही वेळा सारखेच कळत असेल तर एक घटक अनावश्यक ठरतो. काहीच कळत नसेल तर दोन्ही घटक दुबळे आहेत. प्रत्येक वेळी निराळे कळत असेल, तर तेथे निबंधाची शक्यता आहे. दुसरी, निवेदनाने न सांगितलेली एक तरी गोष्ट दृश्याने किंवा ध्वनीने सांगितली आहे काय, हे पाहावे. तिसरी, ज्यांच्याविषयी कृती बोलते त्यांना स्वतःचे वाक्य पूर्ण करू दिले आहे काय, हे तपासावे.

या कसोट्या म्हणजे लिखित निबंधाला पर्याय नव्हे. संकल्पनांची काटेकोर व्याख्या, आकडेवारीची छाननी, पूर्वाभ्यासाचा आढावा ही कामे छापील गद्य आजही अधिक चांगल्या रीतीने करते. प्रतिमेला 'असे नाही' असे सहजासहजी म्हणता येत नाही. संगीताला पुरावा मागता येत नाही. चित्रनिबंधाची ही उणीव मान्य करूनच त्याचे स्वतंत्र सामर्थ्य ओळखावे लागेल.

समारोप

चित्रनिबंधातील विचार निवेदनाच्या संहितेत पूर्णपणे सामावत नाही. 'साचा'मध्ये तो कविता, रंगचित्र आणि बदललेले शहर यांच्यातील तफावतीत आहे. 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तो एकाच गाण्याच्या दोन श्रवणांमधील सव्वीस वर्षांत आहे. कपाडिया यांच्या कृतीत तो ऐकू येणाऱ्या पण न दिसणाऱ्या स्त्रियांच्या अदृश्यतेत आहे. तिन्ही ठिकाणी निवेदकाने मागे सरकून जागा केली, म्हणून प्रेक्षक विचारात सहभागी होऊ शकला. प्रत्येक कृतीत ही जागा कोठेतरी अपुरीही पडली आहे, आणि समीक्षेचे काम तेथूनच सुरू होते.

पनवेल परिसराचे रूप एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलले आहे. जी टेकडी आता नाही तिचे दृश्य यापुढे कोणालाही नव्याने टिपता येणार नाही. ती पाहिलेल्या माणसांचे आवाज मात्र अजून आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत आहेत. ते आवाज कसे ऐकावेत, कोठे थांबावे आणि स्वतःचे निवेदन केव्हा आवरावे, हे शिकविण्याची जबाबदारी आपली आहे.